पासपोर्ट चालू, नागरिकत्व बंद: नागानो 1998 मधलं एक प्रकरण

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची रीत आहे. जपानमधल्या नागानोच्या 1998 च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या या प्रकरणात क्रीडा लवादाने (खेळांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने) दिलेल्या निकालातही खेळाडूचा उल्लेख नुसता ‘एस.’ असा आहे. पण ज्याने थोडीफार आइस हॉकी पाहिली आहे त्याला हा ‘एस.’ पहिल्याच परिच्छेदात ओळखू येईल, तेव्हा उगाच पडदा कशाला? हा उल्फ सॅम्युएलसन, स्वीडनचा बचावपटू आणि नंतरचा प्रशिक्षक. ज्या पत्रकाराने ही गोष्ट उजेडात आणली त्याचं नाव मात्र देत नाही. त्याच्या वाट्याला तेव्हाच पुरेसा शिव्याशाप आला होता.

पार्श्वभूमी

सॅम्युएलसनचा जन्म 26 मार्च 1964 चा, फागेर्स्टा या पोलाद कारखान्याच्या गावातला. लेक्सांडच्या क्लबात तो तयार झाला. 1982 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, हार्टफर्ड व्हेलर्स या अमेरिकन संघाने त्याला चौथ्या फेरीत, 67 व्या क्रमांकावर उचललं आणि 1984 मध्ये विशीतला हा पोरगा अमेरिकेत गेला. पुढची सोळा वर्षं एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग.

आकड्यांवरून माणूस कळतो. 1080 सामने, 57 गोल, 275 असिस्ट (गोलासाठी दिलेले पास) आणि पेनल्टीची, म्हणजे शिक्षा म्हणून मैदानाबाहेर बसायची, 2453 मिनिटं. म्हणजे कागदोपत्री चाळीस तासांहून जास्त शिक्षा. गोल करणं हे त्याचं काम नव्हतंच. समोरच्या फॉरवर्डला गोलसमोर उभं राहणं नकोसं करायचं, भिंतीवर दाबायचं, रेफरीची नजर कुठे आहे ते बघून काठी लावायची, ही त्याची हातोटी. 1991 च्या प्लेऑफमध्ये बोस्टनच्या कॅम नीलीशी त्याची जी टक्कर झाली तिच्यानंतर नीलीची मांडी पहिल्यासारखी झाली नाही. मांडी आणि मग कंबरेखालच्या सांध्याच्या दुखण्याने नीलीला 1996 मध्ये खेळ सोडावा लागला. बोस्टनमध्ये अजूनही सॅम्युएलसनचं नाव निघालं की लोक तोंड वाकडं करतात. उलट बाजूही आहे: ऑक्टोबर 1995 मध्ये टोरांटोच्या टाय डोमीने त्याला बेसावध असताना ठोसा मारून बर्फावर आडवं पाडलं आणि त्याबद्दल आठ सामन्यांची बंदी भोगली.

मार्च 1991 मध्ये हार्टफर्डने त्याला रॉन फ्रान्सिससह पिट्सबर्गला दिलं. हार्टफर्डच्या चाहत्यांना हा सौदा अजून सलतो, कारण त्याच वर्षी पिट्सबर्गने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा. 25 मे 1991 रोजी मिनेसोटाविरुद्धचा शेवटचा सामना 8-0 असा सुटला. त्यातला पहिला गोल सॅम्युएलसनचा. समोरच्याची पाटी कोरी राहिल्यामुळे नियमाने तोच कप जिंकून देणारा गोल ठरला. गोल न करणाऱ्या माणसाचा.

1995 मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. तोवर अमेरिकेत दशक उलटून गेलं होतं. नोकरी तिथे, घर तिथे, मुलांच्या शाळा तिथे. परदेशी गेलेल्या कुठल्याही माणसाच्या आयुष्यात येतो तो टप्पा त्याच्याही आयुष्यात आला आणि त्याने अर्ज करून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. कारणं खासगी, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

गाठ कुठे होती

स्वीडनमध्ये तेव्हा 1950 चा नागरिकत्व कायदा लागू होता. त्यातली तरतूद सरळ होती: स्वीडिश नागरिकाने स्वतः अर्ज करून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलं की त्याचं स्वीडिश नागरिकत्व संपलं. ‘संपलं’ हे क्रियापद इथे अक्षरशः घ्यायचं. कुणी नोटीस काढत नाही, सुनावणी होत नाही, पासपोर्टवर कुणी शिक्का मारत नाही. परदेशात शपथ घेतली त्या दिवशी नागरिकत्व जातं, आणि ते गेल्याचा आवाज कुठेच होत नाही.

त्यामुळे एक विचित्र अवस्था तयार होते. माणसाकडे मुदत न संपलेला स्वीडिश पासपोर्ट असतो. विमानतळावर तो चालतो, हॉटेलात चालतो, संघाच्या व्यवस्थापकाने नोंदणीच्या वेळी मागितला तर तिथेही चालतो. फक्त ज्या गोष्टीचा तो पुरावा म्हणून दाखवला जातो, ती गोष्ट मागे उरलेली नसते.

सॅम्युएलसन स्वतःला स्वीडिशच समजत होता. स्वीडनच्या संघातून तो पूर्वीही खेळला होता. संघटनाही त्याला स्वीडिश समजत होती. सगळे प्रामाणिकपणे चुकत होते.

प्रश्न कसा उभा राहिला

नागानोचं ऑलिंपिक आइस हॉकीसाठी वेगळं होतं. एनएचएलने पहिल्यांदाच मोसमाच्या मधोमध खेळ थांबवून आपले खेळाडू देशांच्या संघांकडे सोडले होते. स्वीडन 1994 च्या लिलहामर ऑलिंपिकचा विजेता. संघात सुंदिन, फोर्सबर्ग, लिडस्ट्रॉम, आल्फ्रेडसन. सॅम्युएलसन चौतिशीला टेकलेला, पण अशा स्पर्धेत बचावफळीत असा एक खवट म्हातारा हवाच असतो.

पहिल्या सामन्यात स्वीडनने अमेरिकेला 4-2 हरवलं. जरा थांबून या सामन्याकडे पाहू. कायद्याच्या नजरेत त्या दिवशी बर्फावर एक अमेरिकन नागरिक अमेरिकेविरुद्ध स्वीडनची जर्सी घालून खेळत होता, आणि हे दोन्ही बाकांवर कुणालाच माहीत नव्हतं. पुढे कॅनडाकडून 3-2 असा पराभव, बेलारूसवर 5-2 असा विजय. गटात स्वीडन दुसरा.

याच दिवसांत एका स्वीडिश पत्रकाराने दोन साध्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. सॅम्युएलसनकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, ही एक. स्वीडनचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, ही दुसरी. दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या अनेकांना ठाऊक असणार. जोडून कुणी पाहिल्या नव्हत्या. बातमी आली, आणि मायदेशातल्या चाहत्यांचा राग कायद्यावर किंवा संघटनेवर न निघता आधी पत्रकारावर निघाला. आपल्याच संघाचं नुकसान का केलंस, असा.

कुणापुढे काय पर्याय होते

खेळाडूपुढे खरं तर काहीच उरलं नव्हतं. स्वीडनचं नागरिकत्व परत मिळवायला अर्ज आणि वेळ लागतो, स्पर्धा दोन आठवड्यांची. एकच वाट होती: आपल्याला कल्पना नव्हती, पासपोर्ट वैध आहे, खेळू द्या, असं सांगणं.

स्वीडनच्या संघटनेपुढे दोन वाटा होत्या. खेळाडूला आपणहून बाजूला करायचं आणि गुण वाचवायला वाटाघाटी करायच्या. किंवा त्याच्या पाठीशी उभं राहून लवादापर्यंत लढायचं. त्यांनी लढायचं ठरवलं. माझ्या मते हा निर्णय भावनेने घेतलेला होता. कायद्याचा मजकूर इतका स्पष्ट असताना खेळाडू परत मिळण्याची आशा जवळजवळ नव्हती. तरीही चौदा वर्षं परदेशात राहून देशाने बोलावल्यावर आलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असं कुणाला वाटलं असेल तर तेही समजण्यासारखं आहे.

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघापुढचा पेच खरा अवघड होता. खेळाडू अपात्र आहे यात शंका नव्हती. ज्या देशाकडून खेळायचं त्या देशाचं नागरिक असलंच पाहिजे हा पायाच. पण तो ज्या सामन्यांत खेळून गेला त्यांचं काय? गुण काढून घेतले तर संघातल्या बाकीच्यांना न केलेल्या चुकीची शिक्षा. ठेवले तर अपात्र खेळाडू घेऊन मिळवलेले विजय पक्के झाले.

महासंघाच्या लोकांनी मधला मार्ग काढला: खेळाडू बाहेर, गुण कायम.

इथे चेक मंडळी पुढे आली. त्यांचं म्हणणं, गुण काढाच. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण गटाचं गणित मांडलं की बरंच कळतं. विजयाला दोन गुण. प्रत्यक्षात कॅनडा 6, स्वीडन 4, अमेरिका 2, बेलारूस 0. स्वीडनचे सगळे सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल केले असते तर कॅनडा 6, अमेरिका 4, बेलारूस 2, स्वीडन 0. आपल्या गटात चेक संघ दुसरा होता आणि त्याची गाठ समोरच्या गटातल्या तिसऱ्याशी पडणार होती. म्हणजे गुण राहिले तर उपांत्यपूर्व फेरीत अमेरिका, गेले तर बेलारूस. एवढा फरक असताना वकिलाकडे न जाणारा संघ विरळा.

गंमत अशी की खरी तक्रार करायला सगळ्यात जास्त जागा अमेरिकेला होती. आपलाच नागरिक आपल्याविरुद्ध खेळवला गेला आणि आपण हरलो, असं म्हणायची संधी कुठल्या संघाला मिळते?

काय केलं गेलं

ऑलिंपिकच्या गावात तळ ठोकून चोवीस तासांत निकाल देणारा क्रीडा लवादाचा तात्पुरता विभाग 1996 च्या अटलांटापासून सुरू झाला होता. नागानोत त्याने काही दिवसांपूर्वीच कॅनडाचा स्नोबोर्डर रॉस रेबाग्लियाती याचं गांजामुळे काढून घेतलेलं सुवर्णपदक परत दिलं होतं. तेव्हा ‘लवादाकडे गेलं तर उलटू शकतं’ ही हवा गावात होतीच.

दोन्ही दावे एकत्र ऐकले गेले. स्वीडनचं ऑलिंपिक मंडळ आणि खेळाडू म्हणत होते, खेळू द्या. चेक मंडळ म्हणत होतं, गुण काढा. 18 फेब्रुवारी 1998 च्या निर्णयात दोघांच्याही हाती काही लागलं नाही. नागरिकत्व आहे की नाही हे त्या देशाचा कायदा ठरवतो आणि स्वीडनच्या कायद्याने ते गेलेलं आहे, म्हणून खेळाडू बाहेर. संघाचे गुण काढायचे नाहीत हा महासंघाचा निर्णयही कायम.

मला हा निकाल बरोबर वाटतो, एका गोष्टीची रुखरुख धरून. संघातल्या इतरांवर शिक्षा आली नाही हे ठीकच. पण नोंदणीच्या वेळी खातरजमा करायची जबाबदारी ज्या संघटनेची होती, तिला या सगळ्यात कसलीच तोशीस लागली नाही. भोगलं ते एकट्या खेळाडूने, आणि तेही जगासमोर.

निकाल

18 तारखेलाच उपांत्यपूर्व सामने झाले. स्वीडन फिनलंडकडून 2-1 हरून बाहेर पडला. सॅम्युएलसन असता तर जिंकले असते का, हा प्रश्न स्वीडनमध्ये विचारला जाणारच. एका गोलाने हरलेल्या सामन्यात असे प्रश्न फुकट मिळतात.

चेक संघाला नको असलेली अमेरिका मिळाली, आणि त्यांनी तिला 4-1 असं हरवलं. पुढे कॅनडाला पेनल्टी शॉट्सवर आणि अंतिम सामन्यात रशियाला 1-0. सुवर्णपदक. तो एकमेव गोल पेट्र स्वोबोदाचा. तोही बचावपटू, आणि 1984 मध्ये पश्चिम जर्मनीतल्या स्पर्धेतून आपला देश सोडून पळालेला. ज्या वर्षी सॅम्युएलसन राजरोस विमानाने अमेरिकेत गेला त्याच वर्षी स्वोबोदा लपूनछपून निघाला होता. चौदा वर्षांनी त्याच स्पर्धेत पळून गेलेल्याने देशाला सुवर्ण मिळवून दिलं आणि राजरोस गेलेला कागदावर अडकला. कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

स्वीडनने पुढे कायदाच बदलला. 1 जुलै 2001 पासून लागू झालेल्या नव्या नागरिकत्व कायद्याने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आणि जुन्या नियमामुळे ज्यांचं नागरिकत्व गेलं होतं त्यांना ठरावीक मुदतीत नुसतं कळवून ते परत घेण्याची सोय ठेवली. हा बदल एका हॉकीपटूमुळे झाला असं म्हणणं खोटं ठरेल. परदेशी राहणाऱ्या स्वीडिश लोकांची ही जुनी मागणी होती. पण तीन वर्षं आधी सगळ्या देशाने हा नियम टीव्हीवर काम करताना पाहिला होता.

बाकावरची वर्षं

डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियात थोडं खेळून सॅम्युएलसनने 2000 मध्ये स्केट्स ठेवले. 2006 पासून तो फिनिक्स कोयोटीज संघात सहायक प्रशिक्षक होता. मुख्य प्रशिक्षक सुरुवातीला वेन ग्रेट्झकी, आइस हॉकीतलं सगळ्यात मोठं नाव. ज्याला कधी दाबून धरायला रात्र रात्र विचार करावा लागला असेल, त्याच्याच शेजारी उभं राहून बचावफळी सांभाळायची.

2011 मध्ये तो स्वीडनला परतला. अर्नशोल्ड्सविकच्या मोडो क्लबाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. क्लबाचा कारभार पाहणारा मार्कुस नॅसलुंड हा त्याचा पिट्सबर्गमधला जुना सहकारी. दोन मोसमांनंतर तो रेंजर्सकडे सहायक म्हणून गेला, 2014 मध्ये तो संघ स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत पोचून लॉस एंजेलिसकडून हरला. मग शार्लट, मग शिकागो. तिथे नोव्हेंबर 2018 मध्ये मुख्य प्रशिक्षक जोएल क्वेनव्हिल आणि त्याच्याबरोबर सॅम्युएलसनलाही नारळ मिळाला. प्रशिक्षकाची नोकरी अशीच.

या सगळ्या प्रवासात त्याचं नागरिकत्व कुठलं हा प्रश्न खेळाच्या नियमांत कुठेच आडवा आला नाही. बर्फावर उतरणाऱ्याला नागरिक असावं लागतं, बाकामागे उभं राहणाऱ्याला नाही. 2014 च्या सोचीत लॅटव्हियाचा मुख्य प्रशिक्षक टेड नोलन कॅनडाचा होता आणि त्याबद्दल कुणी लवादाकडे गेलं नाही. नागानोत सॅम्युएलसन प्रशिक्षक म्हणून गेला असता तर शेवटपर्यंत थांबला असता.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचे क्षण तीन होते, आणि त्यांपैकी नागानोत घडलेला एकच.

पहिला, अमेरिकेच्या अर्जावर सही करतानाचा. त्या टेबलावर अमेरिकन बाजूची माहिती देणारे सगळे असतात: वकील, क्लब, कर सल्लागार. मूळ देशाचा कायदा काय म्हणतो हे सांगणारं कुणी नसतं, कारण ते कुणाचंच काम नसतं. दूतावासात एक फोन पुरला असता. ग्रीन कार्डावरही त्याचं काम चाललं असतं, हे आज बसून म्हणणं सोपं आहे, पण तेव्हा हा पर्याय निदान समोर तरी मांडला जायला हवा होता.

दुसरा, संघ निवडीचा. माझा सगळा आक्षेप इथे आहे. संघटनेने पासपोर्ट पाहिला आणि काम झालं असं मानलं. दशकभर अमेरिकेत राहणाऱ्या खेळाडूंनी भरलेल्या संघाला एक लेखी प्रश्न विचारायला हवा होता: तुम्ही आजवर दुसऱ्या कुठल्या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे का? पासपोर्टची छायाप्रत या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. आणि सॅम्युएलसनने ‘हो’ म्हणायला कचरण्याचं कारण नव्हतं, त्याला त्यात चूक दिसतच नव्हती.

तिसरा क्षण बातमी आल्यानंतरचा, आणि तिथे फारसं काही हातात नव्हतं. संघटनेने त्याला त्याच संध्याकाळी सन्मानाने बाजूला केलं असतं तर ‘हकालपट्टी’ हा शब्द टळला असता, एवढंच.

हे वाचून एडिसन किंवा ऑकलंडमधल्या मराठी वाचकाला काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 अगदी असंच चालतं: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. घरातल्या कपाटात भारतीय पासपोर्टची पाच वर्षं शिल्लक असली तरी तो वापरायचा नसतो, परत करायचा असतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, आणि खेळाच्या बाबतीत तर 2008 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की भारताचं प्रतिनिधित्व फक्त भारतीय पासपोर्टधारकांनीच करायचं. गोव्यात गाठ आणखी बारीक आहे. डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, आणि नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणं झालं की नाही यावर गावोगाव वाद आहेत. कुणी भावाने भरलेल्या फॉर्मवर सही केलेली असते, कुणी ब्रिटनमधल्या नोकरीसाठी. पुढे निवडणूक किंवा सरकारी नोकरी आली की तो कागद वर येतो.

उलट दिशेने गेलेला एक माणूस पुण्याने पाहिला आहे. आराता इझुमी, वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानचा. पुणे एफसीत मधल्या फळीत खेळायचा. भारताकडून खेळायचं ठरल्यावर त्याने आधी जपानचं नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं, आणि मग 2013 मध्ये भारताची जर्सी घातली.